बांधावरची लेंडी वाचायची कशी

हरभऱ्याचे शेंडे खाल्लेले दिसले की आमच्या कर्नाटकातल्या अथणीकडं पहिलं नाव निघतं ते शेजारच्या शेळ्यांचं. मीही गेल्या वर्षी जावेच्या दारात जाऊन तोंड सोडून आले. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जन्म मेंढरांमागं गेलाय. त्यांनी मला रानात नेलं, एक खुडका देठ हातात दिला आणि म्हणाले, "काप बघ की आधी."

तर आधी काप बघा. विळ्यानं तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ असेल तर ससा. त्याला वरखाली दोन्हीकडं पटाशीचे दात असतात. शेळी, मेंढी, काळवीट यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. ती खालचे दात आणि वरची हिरडी यांत धरून हिसडतात. म्हणून टोक फाटकं, दशा लोंबलेलं. माझा देठ तिरपा होता. जवळच वाटाण्याएवढ्या, जरा चपट्या लेंड्या. काडीनं एक फोडली तर आत नुसता गवताचा भुसा. शेळी रवंथ करते, तिच्या लेंडीतला चोथा बारीक दळलेला असतो.

जायचं सकाळी, उन्हाळ्याच्या तोंडाला. पावसाळ्यात शेणकिडे काही शिल्लक ठेवत नाहीत.

मांस खाणाऱ्या जनावरांची विष्ठा वाचणं अवघड. कोल्हा पायवाटेवरच, दगडावर नाहीतर गवताच्या चुड्यावर खूण करून जातो. हिवाळ्यात त्यात बोरांच्या आठळ्याच आठळ्या. खोकडाची विष्ठा बारीक, तीत किड्यांच्या पंखांची टरफलं चमकतात. पिळलेली, केसांनी भरलेली, वाळून पांढरी पडलेली दिसली तर लांडगा, म्हणजे इथल्या कन्नड भाषेतला तोळ. पण मेलेलं जनावर खाल्लेलं गावचं कुत्रंही असंच हगतं, तेव्हा एका ढिगावरून लांडग्यावर आळ घेऊ नका. तरसाचे मात्र खडूसारखे गठ्ठे एकाच जागी साचतात.

यातलं काहीही हातानं उचलायचं नाही, हुंगायचं नाही. कुत्र्याच्या जातीच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात जातात.

पडलेल्या हाडावर शेजारीशेजारी रुंद खाचा दिसल्या तर ते साळिंदराचं काम. एरवी कंदमुळं आणि साली खाणारं हे जनावर क्षारांसाठी हाडं कुरतडतं.

जावेची माफी मागितली. पंधरवड्यानं आमच्या तुरीचे शेंडे गेले. वाकून बघितलं, टोकं फाटकी होती.