जुन्या गाडीचं इंजिन घेताना खिशात चमचाभर तेल ठेवा

प्रीमियर पद्मिनी गाडीचं १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बदलायचं म्हटलं की भंगारवाला 'एकदम कंडिशन' म्हणतो आणि घरी बसवल्यावर धूर निघतो. इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या काकांनी असंच एक घेतलं होतं. वरून नवा रंग मारलेला, आत पिस्टनच्या रिंगा संपलेल्या. आता मी पैसे देण्याआधी हे करतो:

१. डीपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून बघा. तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. तिथूनच परत फिरा.

२. चारही स्पार्क प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) पूर्ण उघडा ठेवा आणि स्टार्टर मारून प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

३. एखादा कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलं, खर्च मोठा. तसाच राहिला तर बहुधा व्हाल्व्ह, म्हणजे नुसतं हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून भागू शकतं. भाव करायला हे फार कामी येतं!

प्लग काळे की राखाडी, हेही बघून घ्या; राखाडी असले तर बरं.

एक मात्र सांभाळा: इंजिन नंबरावर बोट फिरवा. घासलेला वाटला तर फुकट दिलं तरी नको. आधीच्या गाडीच्या आरसीची प्रत आणि बिल घ्या, आणि बसवण्याआधी आरटीओत विचारा, कारण नंबर आरसीवर चढवावा लागतो.