शिकागोच्या लोयोला विद्यापीठात जाण्यापूर्वीची तयारी

लोयोला युनिव्हर्सिटी शिकागो या जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या) विद्यापीठात प्रवेश निश्चित झालेल्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी आपले वर्ग नेमके कोणत्या कॅम्पसवर भरणार आहेत याची विभागाकडून लेखी खातरजमा करून घ्यावी. लेक शोअर कॅम्पस शहराच्या उत्तर टोकाला, रॉजर्स पार्क भागात मिशिगन सरोवराच्या काठावर आहे. व्यवस्थापन, कायदा, समाजकार्य यांचे वर्ग प्रामुख्याने शहराच्या मध्यवर्ती भागातील वॉटर टॉवर कॅम्पसवर भरतात. आणि वैद्यकीय शिक्षण पश्चिमेकडील मेवूड उपनगरात चालते. पहिले दोन कॅम्पस रेड लाइन या शहरी रेल्वेमार्गाने जोडलेले असल्याने त्यांच्यात ये-जा करणे सोपे आहे, परंतु मेवूडला शिकणाऱ्याने रॉजर्स पार्कात खोली घेतली तर रोज शहर ओलांडावे लागते. घर, भाडे, प्रवास आणि महिन्याचा खर्च या साऱ्यांचा हिशेब या एका उत्तरावर अवलंबून असतो, आणि नेमके हेच विचारायचे राहून जाते.

कागदपत्रांची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून येथे थोडक्यात. विद्यापीठाकडून आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र) आल्यावर त्यावरील नाव व जन्मतारीख पासपोर्टशी अक्षरशः जुळवून पाहावी, ठरलेल्या जागी स्वतःची सही करावी, 350 डॉलरचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) शुल्क भरून पावती जपावी, आणि मगच डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरून व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घ्यावी. मुलाखतीत हेच विद्यापीठ का निवडले याचे उत्तर अभ्यासक्रमातील विषयांच्या आधारे देता आले पाहिजे. आय-20 वर दिलेल्या प्रारंभाच्या तारखेच्या 30 दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, त्यामुळे विमानाचे तिकीट ही तारीख पाहूनच काढावे. आय-20, पासपोर्ट, आर्थिक पुरावे व मूळ गुणपत्रिका हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात. सामानात दिलेली बॅग वेळेवर पोहोचेलच असे नाही.

लसीकरणाकडे मात्र निघण्याच्या दोन-तीन महिने आधी लक्ष द्यावे. इलिनॉय राज्याच्या कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लशीच्या दोन मात्रांचा पुरावा द्यावा लागतो, तसेच धनुर्वात व घटसर्पाच्या लशींचा. 22 वर्षांखालील विद्यार्थ्यांना मेनिंजायटिसची लसही लागते. लहानपणीचे लसीकरण कार्ड सापडत नसेल तर डॉक्टरांकडून पुन्हा मात्रा घेऊन तारखांसह इंग्रजीत प्रमाणपत्र करून घ्यावे. चष्म्याची दुसरी जोडी आणि दातांची राहिलेली कामेही येथेच उरकावीत, कारण तेथील विद्यार्थी विम्यात ही दोन्ही सहसा धरलेली नसतात.

विद्यापीठाच्या जेझुइट परंपरेची ओळख करून घेणे हाही तयारीचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. फादर अर्नोल्ड डेमन यांनी 1870 मध्ये सेंट इग्नेशियस कॉलेज म्हणून ही संस्था सुरू केली आणि 1909 मध्ये तिला लोयोलाचे नाव मिळाले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज याच जेझुइट संघाने लोयोलाच्या स्थापनेच्या एकच वर्ष आधी, 1869 मध्ये स्थापन केले, त्यामुळे मराठी घरांना ही शिक्षणपरंपरा अगदीच परकी नाही. प्रवेशासाठी धर्माची अट नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व धर्मविद्या शिकावी लागते. पदव्युत्तर वर्गांतही एखाद्या निर्णयाचा फायदा कोणाला आणि झळ कोणाला, हा प्रश्न हिशेबाच्या किंवा संगणकाच्या विषयातसुद्धा पुढे येतो. पाठांतरावर पदवी मिळवलेल्या विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी आपल्या विषयातील एक लेख वाचून त्यावर स्वतःच्या शब्दांत, संदर्भ नीट देऊन, दोन पाने मत लिहिण्याचा सराव करावा. दुसऱ्याचे वाक्य संदर्भाशिवाय वापरणे तेथे गंभीर गैरवर्तन मानले जाते.

घर घेताना भाड्यात हीटिंग धरले आहे का, हे करारात लिहून घ्यावे. शिकागोत 15 सप्टेंबर ते 1 जून या काळात, हीटिंग भाडेकरूच्या हातात नसेल तर, घरमालकाला दिवसा किमान 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 20 अंश सेल्सियस तापमान राखावे लागते. या नियमाची गरज का पडते ते जानेवारीत कळते. 2019 च्या जानेवारीअखेरीस तेथील पारा उणे 30 अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. जाड कोट व बर्फातले बूट येथून नेऊ नयेत, तेथेच घ्यावेत. थर्मलचे दोन-तीन जोड मात्र बरोबर असावेत.

मिक्सर नेऊ नये, कारण तेथील वीज 120 व्होल्टची असल्याने आपला 230 व्होल्टचा मिक्सर चालत नाही. कुकर न्यावा, सुटी शिट्टी व जास्तीच्या रिंगा कपड्यांत गुंडाळाव्यात. फोडणी करताना खिडकी उघडावी आणि पंखा लावावा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आतच छतावरचा धुराचा अलार्म वाजू लागतो. डाळी, पोहे, गोडा मसाला यांनी बॅग भरू नये. लेक शोअर कॅम्पसजवळून बसने डेव्हन अव्हेन्यूला जाता येते, जेथे पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानांच्या साखळीचे पहिले दुकान 1974 मध्ये सुरू झाले आणि भारतीय वाणसामानाच्या दुकानांची रांगच आहे. घरचे जे काही न्याल ते सीमाशुल्काच्या घोषणेत नमूद करावे, आणि मांसाचा कोणताही पदार्थ नेऊ नये.

ओ'हेअर विमानतळावरून ब्लू लाइनने जॅक्सन स्थानकावर येऊन भुयारी मार्गाने रेड लाइन पकडता येते, आणि हॉवर्ड या उत्तरेकडील शेवटच्या स्थानकाकडे जाणारी गाडी लोयोला स्थानकावर उतरवते. दोन जड बॅगा असताना पहिल्या दिवशी टॅक्सीच करावी, आणि घराचा पूर्ण पत्ता व घरमालकाचा क्रमांक मोबाइलबरोबरच कागदावरही लिहून खिशात ठेवावा.