उन्हाळ्यात फळांचा थरांचा केक: खान्देशातल्या स्वयंपाकघरात या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाला तीन थरांचा आंब्याचा केक केला आणि डबा मांडीवर घेऊन जळगावहून भुसावळला निघाले. नशिराबाद येईपर्यंत वरचा थर घसरून डब्याच्या भिंतीला टेकला होता. भुसावळला झाकण उघडलं तेव्हा क्रीम खाली वाहून आलं होतं आणि आंब्याच्या फोडी त्यात तरंगत होत्या. पोरांनी वाट्या-चमचे घेऊन फस्त केला, ती गोष्ट वेगळी.

स्पंज, म्हणजे केकचा भाजलेला मऊ भाग, मात्र छान झाला होता. केक बिघडला की आपण ओव्हनला दोष देतो, पण फळांच्या केकचं खरं नुकसान ओव्हनमधून बाहेर काढल्यावर होतं. एक तर फळांचं पाणी, दुसरं आपलं ऊन. बहुतेक कृती 22-25 अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे दुपारी पारा 45 च्या आसपास असतो आणि ओटा हाताला चटका देतो.

आधी स्पंजचं बघू. हलक्या स्पंजला सोडा-पावडर लागत नाही, अंड्यात कोंडलेली हवा त्याला फुगवते. माझं माप 4 अंडी, 120 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम मैदा, 2 चमचे तेल. बाहेरच्या कृतींमधलं अंडं 60 ग्रॅमचं असतं, आपल्याकडचं बहुधा 50 चं. त्यामुळे ‘3 अंडी’ असं वाचून 3 च फोडली तर केक घट्ट होतो. अंडी फोडून वजन करा. अंडी-साखर कोमट असली की चांगली फुगते, म्हणून थंड मुलखातले लोक भांडं गरम पाण्यावर धरून 40 अंशांपर्यंत आणतात. मेमध्ये आपली अंडी टोपलीतच तेवढी तापलेली असतात! उन्हाचा एवढा एकच फायदा, तो घ्या. फक्त असं तापलेलं अंडं लवकर नासतं, म्हणून प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून वास घ्या.

बीटरने 8-10 मिनिटं फेटा. बीटर उचलून मिश्रणाच्या धारेने 8 चा आकडा काढला आणि तो तीन-चार सेकंद पुसला गेला नाही, की थांबा. त्यानंतर बीटर बाजूला. मैदा दोनदा चाळून तीन वेळा थोडा थोडा घाला आणि खालून वर उलटत हलक्या हाताने मिसळा. इथे घोटलंत की हवा गेली. केकच्या तळाशी रबरासारखा थर बसतो तो यामुळे, किंवा तेल थेट वरून ओतल्यामुळे. तेल वाटीभर मिश्रणात आधी कालवून घ्या, मग मोठ्या भांड्यात घाला.

170 अंशांवर साधारण 30 मिनिटं पुरतात. पण ओटीजीच्या (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनच्या) काट्यावर विसंबू नका. माझ्या ओटीजीचा काटा 180 दाखवतो तेव्हा आत 200 असतं. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेतला तेव्हा केक मध्येच डोंगरासारखा का फुगतो आणि का फुटतो ते कळलं. संध्याकाळी उलटा प्रकार होतो. गल्लीतले सगळे कूलर चालू झाले की व्होल्टेज पडतं. 230 व्होल्टचं 200 झालं तर हीटरची ताकद जवळजवळ पाव भागाने कमी होते. ओटीजी तापायला वेळ लागतो आणि तोवर भांड्यातली हवा बसते. म्हणून मी स्पंज सकाळी लवकर भाजते. मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. शेवटची दहा मिनिटं उरली असतील तर आतल्या उष्णतेवर केक बरेचदा होऊन जातो. पहिल्या दहा मिनिटांतच गेली तर मात्र सोडून द्या, केकचे तुकडे, फळं आणि क्रीम वाटीत रचून ट्रायफल करा.

अंडं चालत नसेल तर दही-सोड्याचा करा. फक्त दह्यात सोडा पडताक्षणी तो फसफसू लागतो, मिश्रण लगेच ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. ‘जास्त फुगेल’ म्हणून सोडा वाढवलात तर केक लालसर होतो आणि साबणासारखा लागतो.

आपल्याकडची आणखी एक चूक म्हणजे भाजलेला केक पंख्याखाली उघडा ठेवणं. इथली हवा इतकी कोरडी की दोन तासांत कडा तोस होतात. केक पूर्ण गार झाला की लगेच गुंडाळा. थर मात्र दुसऱ्या दिवशी कापा, ताजा कापला की चुरा पडतो.

आता क्रीम. टेट्रापॅकमधली 25 टक्के फॅटची फ्रेश क्रीम कितीही फेटली तरी उभी राहत नाही, तिला निदान 30-35 टक्के फॅट लागतं. उन्हाळ्यात मी दुधाची क्रीम वापरतच नाही. पहिल्यांदा वापरली तेव्हा भांडं बर्फावर न ठेवता फेटत बसले. ओसरीवरून आजी ओरडली, “काय करी ऱ्हायनी व माय? हाई तं लोनी व्हयनं!” खरंच लोणी झालं होतं.

आता नॉन-डेअरी, म्हणजे दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेली क्रीमच घेते. ती गोठवलेली मिळते, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची आणि थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच फेटायची. पूर्ण वितळून कोमट झाली तर फुगत नाही. स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती फ्रीजरमध्ये ठेवा, परातीत बर्फ घ्या आणि हे काम पहाटे पाचला उरका. कूलरसमोर बसून क्रीम फेटू नका, त्या दमट वाऱ्याने क्रीमला काहीच फायदा नाही.

फळांबाबत जरा सविस्तर सांगते, कारण फळं आपल्याकडे मुबलक आणि चुकाही तितक्याच. चिरलेल्या फळांवर ‘गोडीला’ साखर भुरभुरू नका. साखर फळातलं पाणी ओढून काढते, ते पाणी क्रीममध्ये उतरतं आणि थर घसरतो. माझ्या नशिराबादच्या फजितीचं कारण हेच. फोडी कापडावर पसरून अर्धा तास सुकवा. आंबा फार रसाळ असेल तर फोडींचा नाद सोडा, वाटीभर रसात चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून आटवा आणि पूर्ण गार करून थर द्या.

केळी तर घरची. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण केकमध्ये ती काळी पडली की कौतुक कोण करतं? देठाकडे किंचित हिरवट असलेलं घट्ट केळं घ्या, क्रीम तयार झाल्यावरच चिरा आणि चकत्यांना लिंबाचा रस लावा. ठिपके पडलेली पिकली केळी स्पंजच्या मिश्रणात घालायला ठेवा.

कच्चा अननस आणि पपई यांच्यात प्रथिनं फोडणारे घटक असतात. जिलेटिन घातलेलं क्रीम त्यांच्यामुळे घट्ट होत नाही आणि दुधाची क्रीम कडवट लागू लागते. अननस साखरेच्या पाकात पाच मिनिटं उकळून निथळा, किंवा डब्यातला घ्या. पपई मी केकमध्ये घालतच नाही, त्या पोताचं क्रीमशी जमत नाही. सीताफळाचा गर याच्या उलट, तापवला की कडू होतो, तो कच्चाच वापरा.

थर लावताना शेताला बांध घालतो तसा कडेने क्रीमचा बोटभर उंच बांध घाला आणि फळं आतच ठेवा, काठापासून लांब. फोडी एकाच जाडीच्या हव्यात, नाहीतर वरचा थर डुगडुगतो. स्पंजवर साखरेचं पाणी चमच्याने शिंपडा, ओतू नका. रसाळ फळ असेल तर तेही निम्मं करा. थर लावून झाले की केक निदान चार तास फ्रीजमध्ये बसू द्या.

गावाला न्यायचा असेल तर मध्यभागी जाड स्ट्रॉ केकच्या उंचीचा कापून खोचा, डबा थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांसह ठेवा आणि खोकं गाडीत पायाशी सपाट जागेवर ठेवा. मांडीवर अजिबात नको. परवा असाच नेला. सकाळी सातला निघालो, केक शाबूत पोचला, आणि भाच्याने विचारलं, “मावशी, या वेळेस वाटीत नाही का?”