राजगड ते रायगड पायी : पहिल्या लांब पल्ल्याआधी सोबत्यांशी काय बोलून घ्यावे

सकाळी गड चढून संध्याकाळी घरी परतण्याची सवय असलेल्या माणसाला पाठीवर सॅक घेऊन सलग पाच दिवस चालणे म्हणजे तेच काम पाच वेळा करणे, असे वाटते. मलाही तसेच वाटत होते. प्रत्यक्षात एका दिवसाच्या ट्रेकमधील चूक रात्री घरच्या अंथरुणावर विसरली जाते, आणि लांब पल्ल्याच्या वाटेवर तीच चूक दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर चालू लागते. राजगड–तोरणा–रायगड ही वाट मी दोनदा धरली. पहिल्या खेपेला आम्हाला तोरण्यावरूनच पायथ्याच्या वेल्हे गावात उतरावे लागले. दुसऱ्या खेपेला आम्ही पाचही जण रायगडाच्या पायथ्याशी एकत्र पोहोचलो. वाट तीच होती, डिसेंबरचा महिना तोच होता आणि पाचांपैकी चार माणसेही तीच होती. दुसऱ्या वेळी निघण्यापूर्वी आम्ही एका संध्याकाळी बसून सगळे नीट बोलून घेतले होते, एवढाच फरक होता. नव्याने लांब पल्ल्याला निघणाऱ्यांना त्या बोलण्यातील तपशील उपयोगी पडावेत, म्हणून हे लिहीत आहे.

आधी वाटेविषयी थोडे सांगते. पुण्याहून मार्गासनी, साखर या गावांवरून गुंजवण्याला पोहोचायचे आणि चोर दरवाजाने राजगडाच्या पद्मावती माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सपाटीवर, चढायचे, हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीकडील अळू दरवाजाने बाहेर पडून डोंगरधारेने खिंडीत उतरायचे, तेथील डांबरी रस्ता ओलांडायचा आणि समोरची सोंड चढून बुधला माचीच्या बाजूने तोरण्यात शिरायचे. तिसऱ्या दिवशी बुधल्याकडूनच उतरून हारपूडमार्गे मोहरीचे पठार गाठायचे. चौथ्या दिवशी बोराट्याच्या नाळेने, म्हणजे घाटमाथ्यावरून खाली उतरणाऱ्या घळीने, लिंगाणा या सुळक्याच्या खिंडीत येऊन लिंगाणा माची आणि पाने गाव, म्हणजे कोकण. आणि पाचव्या दिवशी रायगड. तोरणा १४०३ मीटर उंच आहे आणि रायगड त्याच्यापेक्षा बराच ठेंगणा, त्यामुळे ही वाट उताराची आणि म्हणून सोपी असावी असा समज होतो. गुडघ्यांना विचारले तर उत्तर वेगळे मिळते.

पहिल्या खेपेला माझी सॅक चौदा किलोंची होती. प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या भीतीप्रमाणे सामान भरले होते, त्यामुळे पाच जणांत तीन पातेली, चार चाकू आणि दोन स्टोव्ह निघाले. दोरी मात्र एकाकडेही नव्हती. दुसऱ्या वेळी सर्वांचे सामान एकाच खोलीत जमिनीवर मांडले आणि मगच वाटून घेतले. एक पातेले, एक स्टोव्ह, एक औषधांची पिशवी, तीस मीटर दोरी, आणि शिधा दिवसांप्रमाणे पाच पुडक्यांत बांधलेला. पहिल्या दिवसाचे पुडके सर्वांत अशक्त सोबत्याच्या सॅकमध्ये ठेवावे, म्हणजे त्याचे ओझे सर्वांत आधी कमी होते, ही युक्ती आमच्या सोसायटीतील काकांची. ते साठीच्या घरात आहेत आणि दुसऱ्या खेपेला प्रथमच आमच्याबरोबर आले होते. माझी सॅक या वेळी पाण्यासह साडेनऊ किलो भरली. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे नवख्याने घेऊ नये, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हे विसरू नये. घरी रिकाम्या बाटल्यांनिशी तोललेली सॅक फसवते.

आता पहिल्या खेपेला काय चुकले ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे. खिंडीतील रस्ता ओलांडेपर्यंत आम्ही एकत्र होतो. पुढची सोंड चढताना दोघे भरभर पुढे गेले, कारण त्यांना तो वेग सोयीचा होता आणि आम्हीही त्यांना ‘तुम्ही व्हा पुढे’ असे अगदी मनापासून म्हटले. मागे मी आणि माझी मैत्रीण राहिलो. पुढचे दोघे आणि आम्ही दोघी यांच्या मध्ये केव्हातरी माझा मामेभाऊ एकटाच चालत होता. कारवीच्या उंच झुडपांच्या दाटीत वाट फुटली तेथे आम्ही दोघींनी अधिक मळलेली वाट धरली. ती ढोरवाट होती. गुरांच्या पायांनी मळलेली वाट माणसांच्या वाटेपेक्षा रुंद आणि स्पष्ट असते, परंतु ती पाण्याकडे किंवा चरायच्या जागेकडे जाते, गडाकडे नाही, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. सुमारे दीड तासाने वाट उतरू लागली, तेव्हा आम्ही मागे फिरलो. आमच्याजवळ दोघींत मिळून अर्धा लिटर पाणी होते, कारण भरलेला मोठा कॅन पुढे गेलेल्यांकडे होता. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात पायाखालचे दिसेनासे होते. बुधल्याजवळची शिडी आम्ही टॉर्चच्या उजेडात चढलो, मामेभाऊ तेथे आमची वाट पाहत थांबला होता म्हणूनच. घाईत मुरमाड घसाऱ्यावर मैत्रिणीचा गुडघा पिरगळला होता. तोरण्यावरच्या मेंगाई देवीच्या मंदिरात पोहोचेपर्यंत तो सुजला. सकाळी बिनी दरवाजाने आम्ही वेल्ह्याला उतरलो.

पुढे गेलेल्या दोघांना मी आजही दोष देत नाही. कोणी थांबायचे, कोठे थांबायचे, हे आमच्यात ठरलेच नव्हते, आणि जे ठरलेले नसते ते दमलेल्या माणसाला ऐन वेळी सुचत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही असे ठरवले, की सर्वांत सावकाश चालणारी व्यक्ती पुढून दुसरी चालेल, वाट ओळखणारा सर्वांत शेवटी राहील, आणि जेथे जेथे वाट फुटेल तेथे पहिला माणूस शेवटचा दिसेपर्यंत पाऊल पुढे टाकणार नाही. यात वेळ वाया जातो असे वाटते. आम्ही राजगडाहून तोरण्याला पहिल्या खेपेपेक्षा अडीच तास लवकर पोहोचलो.

पाण्याचे वेगळे सांगायला हवे. राजगडावर आणि तोरण्यावर कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी मिळते, पण पिण्याजोगे टाके कोणते, हे त्या हंगामात तेथे राहणाऱ्यांनाच विचारावे, आणि तरीही पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून प्यावे. मधल्या धारेवर पाण्याचा भरवसा धरू नये. सुट्टीच्या दिवशी खिंडीत ताक-सरबत मिळते, पण त्यावर विसंबून बाटल्या रिकाम्या करू नयेत. प्रत्येकाने तीन लिटर पाणी स्वतःच्या सॅकमध्ये ठेवावे. सर्वांचे पाणी एकाकडे, ही आमची पहिली चूक कोणीही पुन्हा करू नये.

मोहरीला आम्ही एका घराच्या ओसरीवर मुक्काम केला. पिठले, नाचणीची भाकरी आणि ठेचा असे जेवण झाले. अशा घरी आधी विचारून राहावे, न मागता योग्य पैसे द्यावेत आणि आपला कचरा त्यांच्या अंगणात सोडू नये. घरातल्या दादांनी सकाळी वाटाड्या म्हणून येण्याची तयारी दाखवली, आणि त्यांना बरोबर घेण्याचा निर्णय या संपूर्ण प्रवासातील सर्वांत शहाणपणाचा होता, असे मला वाटते. बोराट्याची नाळ म्हणजे धोंड्यांनी भरलेली तीव्र उताराची घळ आहे. पुढच्या-मागच्यात लांब अंतर ठेवले तर वरून सुटलेला दगड वेग घेऊन खालच्यावर येतो, म्हणून येथे अगदी जवळजवळ चालायचे, आणि दगड निसटताच, तो लहान असला तरी, ‘दगड!’ म्हणून ओरडायचे. नाळ अर्ध्यावर सोडून लिंगाण्याच्या खिंडीकडे जाताना कातळाला बिलगून आडवे जावे लागते आणि एका बाजूला दरी असते. तेथे काकांचे पाय थरथरू लागले. त्यांनी ते लपवले नाही, ‘मला भीती वाटते आहे, दोरी लावा,’ असे सरळ सांगितले. दादांनी दोरी बांधली, आम्ही सर्वांच्याच सॅक आधी पलीकडे पोहोचवल्या आणि मग एकेक जण गेलो. या कामात चाळीस मिनिटे गेली. काकांच्या जागी पहिल्या खेपेची मी असते, तर मी गप्प राहून पाय टाकला असता. भीती वेळेवर बोलून दाखवणारा सोबती दोरीइतकाच उपयोगाचा असतो, आणि त्याने ती बोलून दाखवावी असे वातावरण घरून निघतानाच तयार करावे लागते.

खिंडीत पोहोचल्यावर लिंगाण्याचा सुळका इतका जवळ येतो, की मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय त्याचे टोक दिसत नाही. तेथे आम्ही बराच वेळ बसलो. फार बोललो नाही.

खाली पाने गावाकडे उतरताना हवा पालटते. घाटमाथ्यावरचा गारवा संपून दमट उकाडा सुरू होतो आणि घामावाटे मीठ जाऊन पोटऱ्यांत गोळे येतात. मीठ-साखरेचे पाणी गोळा येण्यापूर्वीच घोट-घोट घेत राहावे. दुपारच्या विश्रांतीला प्रत्येकाने बूट-मोजे काढून स्वतःचे तळवे पाहावेत आणि जेथे लाल झाले असेल तेथे लगेच चिकटपट्टी लावावी, कारण फोड आल्यानंतर लावलेली पट्टी फारशी कामाची नसते. कपारींत आग्या मोहोळे असतात. त्यांच्या आसपास धूर, अत्तर आणि आरडाओरड पूर्णपणे टाळावी. गडांवरील मुक्कामाचे नियमही बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात चौकशी करून ठेवावी.

पाचव्या दिवशी पाने गावातून निघताना माझ्या मैत्रिणीने, जिचा गुडघा पहिल्या खेपेला सुजला होता, स्वतःहून पुढून दुसरी जागा घेतली. तिच्यापुढे काका होते. रायगडाच्या पायऱ्यांपर्यंत आम्ही त्याच क्रमाने चाललो.