इतिहासातली खरी गोष्ट चित्रपुस्तकात सांगताय? या चुका टाळा

पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खऱ्या माणसांच्या गोष्टी लिहिणारे आता आपल्याकडे बरेच जण आहेत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. बहुतेकांची नायिका डॉ. आनंदीबाई जोशी असते, म्हणून उदाहरणंही त्यांचीच घेते.

जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं कोंबणं

ही सगळ्यात मोठी चूक. चित्रपुस्तक साधारण २४ किंवा ३२ पानांचं असतं. शीर्षकाचं पान, श्रेयनामावली आणि शेवटची टीप वगळली, तर २४ पानांत गोष्टीला जेमतेम दहा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. तेवढ्यात १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, बाळाचा मृत्यू, कोलकाता, अमेरिका, पदवी, क्षयरोग आणि १८८७ चा मृत्यू बसवायला गेलं की वाक्यं अशी होतात:

‘१८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी झाला व त्यांनी पत्नीच्या शिक्षणाचा ध्यास घेतला.’

ही शाळेच्या भिंतीवरच्या माहितीफलकाची भाषा झाली. हेच एका जोडपानावर असं येऊ शकतं:

‘यमुनाचं लग्न झालं. ती नऊ वर्षांची होती. घर नवं, माणसं नवी. नावसुद्धा नवं: आनंदी. एके दिवशी नवऱ्याने तिच्या हातात पुस्तक दिलं.’

साल गेलं, ध्यास गेला, आणि मूल दिसायला लागलं. शिवाय माहेरी ती यमुना होती, हेही आपोआप आलं. बऱ्याच हस्तलिखितांत ती पाळण्यातच आनंदी असते.

उपाय म्हणजे आयुष्याचा एकच तुकडा निवडा. मला विचाराल तर गोष्ट पार समुद्रापलीकडून सुरू करा. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे चाळायला घेतलेल्या मासिकात त्यांना गोपाळरावांचं पत्र सापडलं. बायकोला शिकायला अमेरिकेत यायचं आहे, मदत मिळेल का, असं त्यात विचारलं होतं. कार्पेंटरबाईंनी उत्तर पाठवलं. तिथून पत्रं सुरू होतात आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोट सुटते. पुस्तक इथे संपलं तरी चालेल.

अडलात तर कोरे सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घाला. २४ पानं झाली. प्रत्येक जोडपानावर एकच गोष्ट लिहा. जी बसत नाही ती या पुस्तकाची नाही.

तोंडात घातलेले संवाद

‘मी डॉक्टर होऊन माझ्या भगिनींची सेवा करीन!’ असं वाक्य अवतरणचिन्हांत दिसलं की मी कुठून घेतलं ते विचारते. पुष्कळदा उत्तर येतं, श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’मधून. ती कादंबरी आहे. त्यातले संवाद कादंबरीकाराचे आहेत; ते खरे म्हणून मुलांना देऊ नका. आनंदीबाईंची पत्रं आहेत, फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला केलेलं भाषण आहे, काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र आहे. आधी तिथे शोधा. नाहीच सापडलं तर ‘तिला भीती वाटली असेल का?’ असं सरळ मुलांनाच विचारा. सहा वर्षांच्या मुलाला ‘असेल’ आणि ‘होतं’ यांतला फरक छान कळतो.

दंतकथेलाही हेच लागू. हिरकणीची गोष्ट जरूर सांगा, पण ‘असं सांगतात की’ म्हणून सांगा.

दुखरा भाग गाळणं

आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांना बाळ झालं आणि ते दहा दिवसांतच गेलं. लेखक हे पान गाळतात, मुलांना सोसणार नाही म्हणून. मग डॉक्टर व्हायची ओढ कुठून आली, हेच कळत नाही. मी हा प्रसंग दुसरीच्या मुलांना रिकाम्या पाळण्याच्या चित्रासह आणि दोन ओळींत वाचून दाखवला आहे. वर्ग शांत झाला. मग एका मुलीने विचारलं, ‘तिथे डॉक्टर नव्हते का?’ पुढचं अख्खं पुस्तक त्या प्रश्नावर चाललं.

गोपाळराव जास्त अवघड आहेत. त्यांनी बायकोला शिकवलं, सगळ्यांचा विरोध अंगावर घेतला. लहानपणी आपल्याला मारल्याची आठवणही आनंदीबाईंनी त्यांनाच लिहिलेल्या पत्रात आहे. एका हस्तलिखितात ते देवमाणूस असतात, दुसऱ्यात राक्षस. मार चित्रात दाखवायची गरज नाही, पण ‘ते फार कडक होते. कधी कधी तिला त्यांची भीती वाटायची,’ एवढं लिहायलाच हवं. ज्यांच्याकडून शिकतो त्यांचीच कधी कधी भीती वाटते, हे मुलांना नवं नसतं.

चित्रकाराला नुसता मजकूर पाठवणं

१८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. चित्रात त्या नेहमी चाळिशीच्या दिसतात, कारण चित्रकारासमोर फक्त प्रचलित तसबीर असते. पाठीमागे आगगाडी काढलेलंही मी पाहिलं आहे; देशातली पहिली प्रवासी गाडी मुंबई ते ठाणे धावली ती १८५३ मध्ये. म्हणून प्रत्येक जोडपानासोबत साल, पात्राचं वय, ऋतू आणि घरातल्या वस्तू लिहून द्या. धूळपाटी की दगडी पाटी, समई की कंदील, हे लेखकाने शोधायचं काम आहे.

आनंदीबाईंच्या बाबतीत एक सुरेख छायाचित्र हाताशी आहे. ऑक्टोबर १८८५ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेलं. त्यात तिथेच शिकणाऱ्या तिघी आहेत: जपानच्या केइ ओकामी किमोनोत, सीरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्याकडच्या वेषात, आनंदीबाई साडीत. साडीचा रंग मात्र त्यात दिसत नाही. रंग आम्ही निवडला, असं टिपेत लिहून टाका.

‘पहिली’चा मोह

‘भारतातली पहिली महिला डॉक्टर’ असं मुखपृष्ठावर छापण्याआधी थांबा. आनंदीबाईंना मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली वैद्यकीय शिक्षण पूर्ण करत होत्या आणि पुढे त्यांनी प्रत्यक्ष रुग्ण तपासले. आनंदीबाईंना ते करायला आयुष्य मिळालं नाही. ‘अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेली आनंदी’ एवढं पुरेसं आहे आणि खरं आहे.

शेवट जमत नाही?

‘मुलांनो, आपणही...’ ने सुरू होणारं पान काढून टाका, निम्मं काम होईल. गोष्ट बोटीवर संपवलीत तर मुलं हमखास विचारतील, ‘मग ती परत आली का?’ त्याचं उत्तर शेवटच्या टिपेत मोठ्या अक्षरात द्या, वाचून दाखवणाऱ्या आजीला चष्मा शोधावा लागू नये. ती परत आली. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती, पण आजारपणामुळे तिथे काम करता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली, बावीसही पूर्ण नव्हती. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे बोटीने पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, त्यांच्या घरच्यांच्या दफनभूमीत, तिच्या नावाचा दगड आहे.

त्या दगडाचं छोटंसं चित्र टिपेशेजारी द्या.