जुना प्रोपेन फोर्कलिफ्ट: स्क्रूला हात लावण्याआधी कूलंट बघा

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं किराणा मालाचं गोदाम आहे. तांदूळ, डाळी आणि तेलाचे डबे यांचे पॅलेट दिवसभर हलत असतात. सगळी मदार एका १९९८ सालच्या प्रोपेन फोर्कलिफ्टवर आहे. त्याची उचलण्याची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे साधारण २,२७० किलो. मी मूळचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, लेथवर शिकलेला. इथे आल्यापासून या यंत्राची देखभाल माझ्याकडे आहे. असं जुनं यंत्र कुणी घेतलं असेल तर त्याचे पैसे आणि मुख्य म्हणजे त्याच्याजवळ काम करणाऱ्यांचे हातपाय वाचावेत, म्हणून हे लिहितोय.

पहिल्याच जानेवारीत यंत्राने दगा दिला. सकाळी चालू व्हायचं, दहा मिनिटं चालायचं, मग गचके खात बंद पडायचं. गॅसच्या रेग्युलेटरवर पांढरा बर्फ साचलेला. चालवणारा पोरगा साताऱ्याकडचा. तो म्हणाला, "दादा, सिलिंडरच खराब दिसतोय, बदलू का?" दोन सिलिंडर बदलून झाले. आमच्या आधी कुणीतरी मिक्सरचे, म्हणजे गॅस आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे, स्क्रूही फिरवून ठेवले होते. मी रेग्युलेटरला जाणाऱ्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, दोन्ही नळ्यांना हात लावला. इंजिन चांगलं तापलेलं आणि नळ्या गार. इंजिन गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं, तर दीड लिटर कूलंट कमी.

यामागचं कारण समजून घ्या, कारण अशा यंत्राच्या अर्ध्या तक्रारी इथेच सुटतात. फोर्कलिफ्टच्या सिलिंडरमधून प्रोपेन द्रव रूपात बाहेर येतो, आपल्या घरच्या शेगडीसारखा वायू होऊन नाही. रेग्युलेटरमध्ये दाब उतरला की तो उकळतो. उघड्या हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. ती उष्णता त्याला इंजिनच्या गरम कूलंटमधून मिळते. कूलंट कमी असेल किंवा नळीत हवा अडकली असेल, तर रेग्युलेटर गोठतो, द्रव गॅस पुढे सरकतो आणि इंजिन गुदमरतं. वरून गरम पाणी ओतलं तर बर्फ वितळतो, पण दुखणं तसंच राहतं. आणि आगीची ज्योत तर जवळपासही न्यायची नाही.

इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटर भरा, अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी. रेग्युलेटरची वरची नळी थोडी सैल करून अडकलेली हवा काढा, पुन्हा आवळा आणि इंजिन चालवा. काही वेळात दोन्ही नळ्या गरम लागल्या पाहिजेत. एक गरम आणि एक गार असेल तर आतला मार्ग गाळाने बंद झालाय. कूलंट पुन्हापुन्हा कमी होत असेल तर वॉटर पंप आणि हेड गॅस्केट तपासा. आमची गळती एका तडकलेल्या नळीत निघाली. नळी दोन इंच कापून परत बसवली, आणि त्या हिवाळ्यात बर्फ पुन्हा दिसला नाही.

गॅसच्या भागाला हात लावायच्या आधी इंजिन चालू ठेवूनच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. नळीतला गॅस जळून संपला की इंजिन आपोआप थांबतं, मग चावी काढा. हातात जाड मोजे हवेत, कारण द्रव प्रोपेन कातडीला लागला की भाजल्यासारखी जखम होते. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. तो वर उडून जात नाही, तर गटारात आणि ट्रक लागतात त्या डॉकच्या खड्ड्यात साचून राहतो. म्हणून दार उघडं ठेवून काम करा आणि वेल्डिंगवाल्याला त्या वेळी लांब बसवा.

सिलिंडर आडवा ठेवताना त्याच्या कड्यातलं भोक ब्रॅकेटवरच्या खिळ्यावर बसलंच पाहिजे. तसा बसला तरच आतली नळी तळाच्या द्रवात बुडते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वरच्या वायूच्या बाजूला राहतो. नळी सिलिंडरला जोडणाऱ्या कपलिंगमधली रबरी रिंग चिरली असेल तर बदला, काही पैशांचं काम आहे. जोड साबणाच्या पाण्याने तपासा. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. अमेरिकेत असा सिलिंडर बनल्यापासून १२ वर्षांच्या आत पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

स्टार्टर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. बऱ्याचदा व्हॉल्व्ह झटक्यात उघडलेला असतो. सिलिंडरमध्ये जास्त प्रवाह रोखणारी एक झडप असते. जोरात उघडलं की तिला नळी फुटल्यासारखं वाटतं आणि ती बंद होते. व्हॉल्व्ह बंद करा, थोडं थांबा, मग हळूहळू उघडा. तरीही नाही झालं तर लॉक-ऑफकडे, म्हणजे इंजिन बंद असताना गॅस अडवणाऱ्या झडपेकडे, या. आमच्या यंत्रावर तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतो, आणि त्याची बारीक रबरी नळी जुनी होऊन तडकते. मग मिक्सरचं वरचं झाकण उघडून आतला पातळ पडदा उजेडात धरा, सुईएवढं भोक असलं तरी नवा टाका. शेवटी प्लग, वायर आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप. प्रोपेनला ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर अजून चालली असती अशी वायर इथे दम तोडते. रात्री दिवे मालवून इंजिन चालवा, फुटक्या वायरवर निळ्या ठिणग्या दिसतात.

मिक्सरचा स्क्रू कानाने लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. मिश्रणात गॅस जास्त झाला तर इंजिन छान गुळगुळीत चालतं, पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतं. हिवाळ्यात दारं बंद असतात. माणसांचं डोकं दुखायला लागतं आणि सगळे म्हणतात, सर्दी झाली. अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीला ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग, ही या वायूची कायद्याची मर्यादा आहे. भिंतीवर मीटर लावा, आणि स्क्रू लावायचाच असेल तर एक्झॉस्ट अॅनलायझर, म्हणजे धूर तपासायचं यंत्र, असलेल्या माणसाकडून लावून घ्या.

इंजिन ऑइल प्रोपेनवर बराच काळ स्वच्छ दिसतं. रंगावर जाऊ नका, तासांचा मीटर बघा. मी दर २५० तासांना बदलतो.

आता मास्ट, म्हणजे फोर्क (माल उचलणारे लोखंडी काटे) वर-खाली नेणारा उभा सांगाडा. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. साखळीचा जो भाग पुलीवरून सारखा फिरतो तिथेच मोजा. नवी साखळी १२ इंच असते तिथे १२.३६ इंच भरली, म्हणजे ३ टक्के ताणली, की दोन्ही साखळ्या एकदम बदलायच्या. फोर्कची जाडी वाकलेल्या टाचेपाशी मोजून वरच्या न झिजलेल्या भागाशी ताडून बघा. ३८ मिलिमीटरची ३४ च्या जवळ आली तर फोर्क बाद. १० टक्के झीज म्हणजे उचलण्याची ताकद २० टक्क्यांनी कमी. असे फोर्क वेल्डिंगने भरून वापरायचे नाहीत.

हायड्रॉलिकची बारीक गळती बोटाने शोधायची नाही. दाबाखालची तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा, आणि तसं कधी झालंच तर ताबडतोब हॉस्पिटल.

आणि उचललेल्या मास्टखाली किंवा कॅरेजखाली, म्हणजे फोर्क जिच्यावर बसतात त्या चौकटीखाली, कुणीही जायचं नाही. उद्यमनगरात माझे उस्ताद टांगलेल्या लोखंडाखाली हात दिसला की आधी हात ओढायचे, मग रागवायचे. वर काही काम असेल तर मास्टच्या आडव्या पट्ट्यांमध्ये जाड सागवानी किंवा ओकचा ठोकळा घाला, मास्ट त्यावर टेकू द्या, वरून साखळीने बांधा आणि मगच पाना घ्या. आमचा ठोकळा मी पिवळा रंगवून चालकाच्या डोक्यावरच्या छताच्या (ओव्हरहेड गार्डच्या) खांबाला बांधून ठेवलाय. घाईच्या वेळी शोधत बसावं लागू नये म्हणून.