लो स्पोर्ट्स कार घराच्या रॅम्पवर घासते? या चुका टाळा

जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या बाजूला नव्या बंगल्यांच्या गल्लीत एक चक्कर मारा. रस्ता संपला की गटार, गटारावर फरशी आणि तिथून गेटपर्यंत चार फुटांत फूटभर उभा चढ. डांबराचे थर चढून रस्ता दर काही वर्षांनी वर येतो आणि एखाद्या जोराच्या पावसात पाणी पार्किंगमध्ये शिरतं. म्हणून घर बांधणारा जोतं आधीच उंच घेतो. रॅम्पचा विचार सगळ्यात शेवटी होतो, उरलेल्या जागेत. स्कूटर आणि एसयूव्हीला त्याचा त्रास नसतो. लो स्पोर्ट्स कार घरी आली की मात्र पहिल्याच दिवशी खालून खर्रकन आवाज येतो आणि मालकाचा जीव खालीवर होतो.

हा त्रास बहुतेक घरी कायमचा मिटवता येतो. त्यासाठी गाडीवर नाही, रॅम्पवर खर्च करावा लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त ग्राउंड क्लिअरन्स बघणे

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतली मोकळी उंची. पण घासणं ठरतं ते कोनावर. गाडीचे असे तीन कोन असतात. चढाला लागताना पुढचा बंपर टेकेल की नाही हे पहिला कोन ठरवतो. चढाच्या माथ्यावर दोन चाकांच्या मध्ये पोट टेकेल की नाही हे दुसरा, आणि मागचा बंपर टेकेल की नाही हे तिसरा.

हिशोब करून बघू. फूटभर उंची आणि चार फूट लांबी असलेला रॅम्प साधारण 14 अंशांचा होतो. पुढच्या-मागच्या चाकांत 2.45 मीटर अंतर आणि 170 मिलिमीटर क्लिअरन्स असलेली हॅचबॅक माथ्यावर सुमारे 16 अंशांपर्यंत तरते, म्हणून ती जेमतेम निघून जाते. चाकांतलं अंतर तेवढंच पण क्लिअरन्स 110 मिलिमीटर असेल, तर मर्यादा 10 अंशांवर येते. म्हणजे या रॅम्पवर ती घासणारच. ड्रायव्हर कितीही सराईत असला तरी सरळ नेऊन ती निघणार नाही. नवी गाडी बुक करण्याआधी मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप उघडून फोन रॅम्पवर ठेवा, कोन लगेच कळेल. गवंडी पाणसळीने उंची काढून देतो, तेही चालेल.

कुठे घासतं हे न बघताच मिस्त्री बोलावणे

रॅम्पवरचे ओरखडे नीट बघा. ते पायथ्याशी असतील तर पुढची लिप, म्हणजे बंपरची सगळ्यात खालची कड, टेकते आहे. माथ्यावर मधोमध असतील तर पोट टेकतं आहे. काळसर रेघ प्लॅस्टिकची असते. चकचकीत चंदेरी रेघ दिसली तर धातू घासला आहे, ते गांभीर्याने घ्या.

ओरखडे जुने असतील आणि काही कळत नसेल, तर घट्ट मळलेल्या कणकेचे चार-पाच इंच उंचीचे गोळे करा. ज्वारीच्या पिठाचा गोळा भुगा होऊन पडतो, त्यामुळे गव्हाचीच कणीक घ्या. हे गोळे रॅम्पच्या मध्यरेषेवर पायथ्यापासून माथ्याच्या पलीकडे दोन फुटांपर्यंत वीतभर अंतराने मांडा. गाडी अगदी हळू आत घ्या. बाजूला एक माणूस वाकून बघत राहू दे आणि टेकायच्या आधी त्याला थांबवायला सांगा. मग गाडी मागे घेऊन पट्टीने एकेक गोळा मोजा. जो गोळा दाबून सगळ्यात बारीक झाला, तिथे जागा सगळ्यात कमी आहे. 30 मिलिमीटर उरला असेल तर काळजी नाही. पाच-सात मिलिमीटरच उरला असेल, तर चार माणसं बसवल्यावर तिथेच घासणार. एवढं कळलं की रॅम्पचा पायथा भरायचा की माथा उतरवायचा, हे मिस्त्रीला नेमकं सांगता येतं.

झटक्यात चढवणे, मध्येच ब्रेक मारणे

वेगात पायथ्याला लागलं की सस्पेन्शन दबतं आणि होता तो क्लिअरन्सही जातो. उतरताना ब्रेक दाबला की नाक खाली जातं. म्हणून पायथा येण्याआधीच वेग कमी करा आणि नेमक्या त्या क्षणी ब्रेकवरचा पाय हलका ठेवा. गाडी एका लयीत रांगत गेली पाहिजे. मागे बसलेल्यांना उतरवा, डिकीतलं सामान काढा. यात संकोच वाटायचं काही कारण नाही, अशा चढावर थोड्या मिलिमीटरचाच प्रश्न असतो. गाडीत नाक उचलायची सोय असेल तर ती रॅम्पच्या आधी, गाडी सपाटीवर असताना चालू करा. त्या यंत्रणेने साधारण 40 मिलिमीटर उंची मिळते, पण ती फक्त पुढच्या बाजूला. पोट माथ्यावर टेकत असेल तर तिचा उपयोग निम्माच होतो.

तिरकी घेणे, पण अर्धवट

तिरकी घेण्याचा सल्ला बरोबर आहे. 14 अंशांचा चढ 45 अंशांत तिरका घेतला तर गाडीला तो सुमारे 10 अंशांचाच लागतो. 30 अंशांत घेतला तर 12 अंशांचा. म्हणजे थोडंसं स्टेअरिंग फिरवून भागत नाही, चांगलं तिरकं यावं लागतं. एक पुढचं चाक आधी चढलं पाहिजे, मग दुसरं. दहा फुटी गेट आणि दोन्हीकडे कंपाउंडची भिंत असेल तर याला जागाच उरत नाही. तिथे जबरदस्ती केली तर मागचं दार खांबाला लागतं. आणखी एक, रस्त्यावर गाडी आडवी झाली की आपल्याकडचे दुचाकीवाले डावीकडून घुसतात. तेव्हा आरसा बघूनच वळवा.

तिरकी घेताना एखादं चाक हलकं होऊन जागेवर फिरू लागलं तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. गाडी मागे घ्या आणि कोन थोडा कमी करून पुन्हा या.

'मागे घेताना घासत नाही' यावर विसंबणे

रॅम्प आणि गाडीचं तोंड तेच असेल तर टेकायची जागाही तीच राहते. नाक घराकडे ठेवून आत घेताना जिथे लिप टेकते, तिथेच ती मागे घेतानाही टेकते. फरक असतो तो नुकसानीत. पुढे जाताना लिप मागच्या बाजूला दुमडते आणि खरचटून सुटते. मागे येताना तीच लिप फरशीच्या काठात किंवा गेटच्या मधल्या स्टॉपरमध्ये अडकते आणि बंपर क्लिपांसकट पुढे ओढला जातो. मागे घेताना 'कट्' असा आवाज आला तर तिथेच थांबा. उतरून बघा. लिप अडकली असेल तर गाडी आधी चार बोटं पुढे घ्या, लिपखाली फळी सरकवा आणि मग मागे घ्या.

तो मधला स्टॉपर, म्हणजे गेटच्या खालच्या कडीसाठी जमिनीतून वर काढलेला लोखंडी तुकडा, बऱ्याच घरी दोन-अडीच इंच वर आलेला असतो आणि नेमका माथ्यावर असतो. तो कापून तिथे जमिनीत पाइपचं भोक ठेवा. काम किरकोळ आहे आणि कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकणे

गाडी थोडी उंच होते हे खरं. पण स्प्रिंगची हालचाल अडते, गाडी कडक होते आणि वळणावरचा तोल बिघडतो. ज्या गुणांसाठी ही गाडी घेतली तेच घालवून बसू नका. मोठे टायर टाकले तरी व्यास 20 मिलिमीटर वाढल्यावर उंची 10 मिलिमीटरच मिळते.

रॅम्प चुकीच्या दिशेने वाढवणे

'पुढे ओढून घेऊ की' हे उत्तर सगळ्यात आधी येतं. पण पुढे रस्ता आहे आणि गटारही. ते अडवलं तर शेजाऱ्याच्या दारात पाणी साचतं आणि महापालिका ते बांधकाम पाडू शकते.

रॅम्प आत ढकला. पोर्चमधली फरशी चार फूट फोडून चढ गेटच्या आत सुरू ठेवा. आठ फुटांत फूटभर म्हणजे सुमारे 7 अंश, त्यावर आपली 10 अंशांची गाडी आरामात जाते. मिस्त्री पाण्याची भीती घालेल. त्याला दाखवा की माथ्याची उंची तेवढीच राहते, फक्त ती आत सरकते. गेटच्या रेषेवर जाळीचं आडवं गटार घेतलं की पाणी तिथेच पडतं. आठ फूट मिळत नसतील आणि सहावर भागवायचं असेल, तर साडेनऊ अंश होतात. मग पायथा आणि माथा गोलाई देऊन घडवावा लागतो, धारदार कोपरा चालत नाही.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच काँक्रीट ओतलं तर वर्ष-दोन वर्षांत रॅम्प खचतो आणि रस्त्याशी पायरी तयार होते. तीच पायरी लिप फोडते. माती काढून मुरूम भरा, धुमसाने थराथराने ठोका, वर जाळीसह काँक्रीट घाला. उन्हाळ्यात काम असेल तर ओलं गोणपाट टाकून निदान दहा दिवस पाणी मारा. शहाबादी फरशी इथे नको, गुळगुळीत झाली की पावसात चाक घसरतं. काँक्रीट ओलं असतानाच आडव्या खाचा पाडून घ्या. गटारावर कडप्पा टाकू नका, जाड लोखंडी जाळी बसवा.

तोपर्यंत दोन रबरी रॅम्प किंवा दीड-दोन इंच जाडीच्या रुंद फळ्या पायथ्याला दोन्ही चाकांखाली लावल्या तर लिप वाचते. त्या सरकणार नाहीत हे मात्र बघा.

घासल्यावर तसंच निघून जाणे

गाडी रात्रभर एका जागी उभी करा आणि खाली पुठ्ठा अंथरा. सकाळी त्यावर तेलाचा डाग दिसला तर स्टार्टर मारू नका, टो करून न्या. खालचं प्लॅस्टिक कव्हर लोंबत असेल तर हायवेवर वाऱ्याने ते फाटतं, म्हणून क्लिपा लावून घेतल्याशिवाय पुणे-हैदराबाद रस्त्याला लागू नका. गाडी इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी बहुधा पोटातच असते. कव्हरवर खोक पडलेली दिसली, तर गाडी चालतेय म्हणून समाधान मानू नका, लिफ्टवर चढवून तपासून घ्या.